हेक्झेनची वाफ, खानदेशचं पाणी
(प्रस्तावना)

सॉल्व्हंट प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या ट्रकमध्ये तेल असतं किंवा पेंड असते. आत मात्र रात्रंदिवस जे उकळतं, थंड होतं आणि पुन्हा उकळतं ते असतं हेक्झेन, म्हणजे तेल विरघळवून घेणारं द्रावक. ते विकायचं नसतं, ते परत मिळवायचं असतं. एक टन सोयाबीनमधलं तेल काढायला सर्वसाधारण प्लांटमध्ये नऊशे किलोच्या आसपास हेक्झेनची वाफ करावी लागते, आणि ती सगळी वाफ पुन्हा द्रवरूपात आणावी लागते. तेल काढण्याच्या या धंद्याचा खरा खर्च या वाफ करण्यात आणि वाफ जिरवण्यात आहे. ऊर्ध्वपातनातली उष्णता पुन्हा कशी वापरायची, हा पुढच्या पानांचा विषय आहे. तो यंत्रशास्त्राचा विषय आहे, पण जळगाव-धुळ्याच्या मातीत तो पाण्याचाही विषय होतो, आणि ही प्रस्तावना मुख्यतः तेवढ्यासाठी लिहिली आहे.

उष्णता वाचवा म्हटलं की कारखानदाराच्या डोळ्यांपुढे बॉयलरखालचं जळण येतं. ते योग्यच आहे. पण बॉयलरमध्ये घातलेली उष्णता नाहीशी होत नाही. ती वाफेतून हेक्झेनमध्ये जाते, हेक्झेनमधून कंडेन्सरच्या पाण्यात, आणि तिथून कूलिंग टॉवरवरून हवेत. हवेत जाताना ती आपल्याबरोबर पाणी घेऊन जाते. म्हणजे वाया गेलेल्या प्रत्येक किलो वाफेमागे जवळपास तेवढंच बोअरवेलचं किंवा एमआयडीसीच्या नळाचं पाणी आकाशात जातं. जिथे पाणी मुबलक आहे तिथे याचा हिशेब कोणी मांडत नाही. जळगावला वर्षाला सरासरी ७०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, धुळ्याकडे त्याहून कमी. धुळे शहरात नळाला पाणी कधी येणार हा घराघरातला रोजचा प्रश्न. अशा ठिकाणी हा हिशेब मांडायलाच हवा.

तेलधंदा या कोरड्या भागात का आला, तेही पाहू. खानदेश हा कापसाचा मुलूख. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला आणि त्याच दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आली. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले ते त्यानंतर. जिनिंग म्हटलं की रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे. सरकी गाळली की तेल आणि ढेप. शेंगदाण्याचं तेलही इथलं जुनं. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे माळव्याचं सोयाबीन एका बाजूने आणि गुजरातची बाजारपेठ दुसऱ्या बाजूने, अशी ही तेलधंद्याला सोयीची जागा. घाण्यानंतर एक्स्पेलर आला. पण एक्स्पेलर कितीही दाबला तरी ढेपेत सहा-सात टक्के तेल उरतंच. गुरांना ते मानवतं, शेतकऱ्याला तेलकट सरकी ढेपच हवी असते, म्हणून ती बाजारात टिकून आहे. सोयाबीनचं गणित वेगळं. त्यात तेलच मुळात अठरा-वीस टक्के. त्यातलं सहा टक्के पेंडीत सोडून चालत नाही. तिथे द्रावकाशिवाय गत्यंतर नाही. देशातल्या सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन उद्योगाची संघटना १९६३ साली स्थापन झाली आणि द्रावकाने काढलेल्या तेलावर नियंत्रण आणणारा केंद्र सरकारचा आदेश १९६७ साली निघाला. या दोन सालांवरून हा उद्योग आपल्याकडे कधी रुजला याचा अंदाज येतो.

आता प्लांटच्या आत जाऊ. सोयाबीन फोडून, थोडं गरम करून, रोलरखाली त्याचे सुमारे एक तृतीयांश मिलीमीटर जाडीचे पापुद्रे, म्हणजे फ्लेक, करतात. एक्स्ट्रॅक्टरमध्ये फ्लेकचा थर हळूहळू पुढे सरकतो आणि वरून हेक्झेन झिरपत जातं. जवळजवळ तेल निघून गेलेल्या फ्लेकवर कोरं हेक्झेन पडतं, आणि तेलाने भरलेल्या ताज्या फ्लेकवर आधीच तेल घेतलेलं हेक्झेन पडतं. शेवटी दोन प्रवाह बाहेर येतात. एक, तेल आणि हेक्झेनचं मिश्रण, त्याला मिसेला म्हणतात. त्यात तेल २५ ते ३० टक्के. दुसरा, हेक्झेनने भिजलेली पेंड. तिच्यात हेक्झेन साधारण ३० टक्के. या दोन्हींतून हेक्झेन पूर्णपणे काढून घेणं म्हणजेच द्रावकाची पुनर्प्राप्ती. प्लांटमध्ये लागणाऱ्या वाफेचा मोठा वाटा इथे खर्च होतो.

हेक्झेन सुमारे ६९ अंशांना उकळतं, पाण्यापेक्षा पुष्कळ आधी. एक किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात, एक किलो हेक्झेनला अवघ्या ८०. म्हणजे एक किलो पाण्याची वाफ निवताना पावणेसात किलो हेक्झेन उकळवू शकते. हे आकडे पाहून हेक्झेन परत मिळवणं स्वस्तात पडत असेल असं वाटतं. पण वजन केवढं आहे ते पाहा. एक टन सोयाबीनमधून १८० किलो तेल धरलं आणि मिसेलात तेल २५ टक्के असेल, तर त्या तेलाबरोबर ५४० किलो हेक्झेन येतं. उरलेल्या ८२० किलो पेंडीत ३० टक्क्यांच्या हिशेबाने ३५० किलो. एकूण ८९० किलो, आणि ते उकळवायला सुमारे ७१,००० किलोकॅलरी. हेक्झेन तापवण्याची, तेल तापवण्याची, पेंड भाजण्याची उष्णता याहून वेगळी.

यातला निसर्गाने हाती दिलेला योग असा, की पेंडीतून निघणारी हेक्झेनची वाफ मिसेला उकळवायला वापरता येते. पेंड ज्या उभ्या पात्रात जाते त्याला डीसॉल्व्हंटायझर-टोस्टर, प्लांटच्या बोलीत नुसतं डीटी, म्हणतात. त्यात थराथराने पेंड खाली उतरते आणि खालून पाण्याची उघडी वाफ वर चढते. वाफ पेंडीवर निवते, हेक्झेन उडून जातं, आणि पेंडीत पाणी मुरून ओलावा अठरा-वीस टक्क्यांपर्यंत जातो. डीटीच्या माथ्यावरून ७० ते ७५ अंशांची हेक्झेनची वाफ, थोड्या पाण्याच्या वाफेसह, बाहेर पडते. ही वाफ थेट कंडेन्सरला जोडली तर तिच्यातली सगळी उष्णता थंड पाण्याला दान. पण मिसेला जर व्हॅक्यूमखाली ठेवला, तर तो याच वाफेवर उकळू शकतो. निरपेक्ष दाब पाऱ्याच्या ३०० मिलीमीटरवर आणला की हेक्झेन ६९ ऐवजी ४२ अंशांना उकळतं. तेल मिसळलेलं असल्यामुळे उत्कलनबिंदू थोडा वर सरकतो, पण डीटीची वाफ जिथे निवते ती ६२ ते ७० अंशांची पातळी तरीही बरीच वर राहते. या जोडणीला इकॉनॉमायझर म्हणतात: नळ्यांच्या आतून मिसेला, बाहेरून डीटीची वाफ. बॉयलरच्या धुराड्यातला इकॉनॉमायझर वेगळा. इथे त्याचा संबंध नाही.

धुळ्याच्या पांझरा नदीकाठी हे तत्त्व कोणाला नव्याने सांगावं लागू नये. तिथल्या फड पद्धतीत नदीवर एकामागून एक बंधारे; वरच्या बंधाऱ्याच्या शेतातून पाझरून नदीला परत आलेलं पाणी खालचा बंधारा पुन्हा अडवतो आणि पुढच्या फडाला देतो. उष्णतेचंही तसंच. वरच्या तापमानाला एक काम केलेली उष्णता खालच्या तापमानाला दुसरं काम करू शकते. अट एकच, दोघांमध्ये उतार शिल्लक असला पाहिजे.

कागदावर मोजलं तर डीटीच्या वाफेतल्या ३५० किलो हेक्झेनमधून टनामागे २८,००० किलोकॅलरी परत मिळतात. म्हणजे सुमारे ५३ किलो वाफ बॉयलरमधून घ्यावी लागत नाही. रोज २०० टन गाळणाऱ्या प्लांटमध्ये ती दहा टनांहून जास्त वाफ झाली. आपल्याकडे बॉयलरखाली पऱ्हाट्या, टरफलं, भुसा यांच्या विटा, म्हणजे ब्रिकेट, पुष्कळ ठिकाणी जाळतात. एका किलोत चार-साडेचार किलो वाफ मिळते असं धरलं तर रोजची सुमारे अडीच टन ब्रिकेट वाचली. आणि तेवढीच उष्णता कंडेन्सरवर येत नाही, म्हणून कूलिंग टॉवरवरून उडणारं पाणी टनामागे ४८ लिटरने कमी होतं. रोजचं साडेनऊ हजार लिटर, म्हणजे पाण्याचा एक टँकर. टॉवरमधले क्षार वाढू नयेत म्हणून जे पाणी मुद्दाम सोडून द्यावं लागतं, तेही त्याच प्रमाणात घटतं. हा माझा साधा, हातचे आकडे घेऊन केलेला हिशेब आहे. प्रत्येक प्लांटने तो स्वतःच्या आकड्यांनी करावा. पण आकड्यांचा आकार एवढाच राहील.

इथे कोणीही ऑपरेटर म्हणेल की इकॉनॉमायझर आमच्याकडे आहेच. खरं आहे, सलग चालणाऱ्या बहुतेक प्लांटमध्ये तो असतो. प्रश्न तो आहे की नाही हा नाही, तो किती काम करतो हा आहे. चांगला चालणारा इकॉनॉमायझर मिसेलातलं अर्ध्याहून अधिक हेक्झेन उडवतो. तो मंदावला तर प्लांट थांबत नाही. पुढच्या टप्प्यातल्या हीटरवर वाफेचा व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडला की तेलाचा दर्जा जागेवर येतो. त्यामुळे आजार दिसत नाही. फक्त जळणाचा ढीग लवकर संपतो आणि टॉवरच्या टाकीत पाणी जास्त लागतं. या आजाराची कारणं मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटतात, म्हणून त्यांच्यापाशी थोडं थांबतो.

पहिलं कारण पेंडीची धूळ. डीटीच्या माथ्यावरून निघणारी वाफ बारीक कण घेऊन येते. मध्ये व्हेपर स्क्रबर असतो, त्यात गरम पाण्याच्या फवाऱ्याने ती धुतात. फवाऱ्याची तोंडं बुजली की कण पुढे जातात आणि इकॉनॉमायझरच्या नळ्यांवर बाहेरून त्यांचा लेप बसतो. पाणी आणि पेंड यांचा तो चिकट थर एकदा वाळला की सहज निघत नाही. स्क्रबरचं पाणी गरमच हवं, नाहीतर हेक्झेन तिथेच निवेल आणि उष्णता इकॉनॉमायझरला पोहोचण्याआधीच जाईल. प्लांटमधल्या ज्या वस्तूकडे सर्वांत कमी लक्ष जातं तिच्यावर सर्वांत मोठी बचत अवलंबून असते.

दुसरं कारण नळ्यांच्या आत. मिसेलाबरोबर बारीक फ्लेक वाहून येतात, सोयाबीनचे गोंद म्हणजे फॉस्फोलिपिड असतात, सरकीचा रंगही असतो. मिसेला नीट गाळला नाही तर नळीच्या भिंतीवर हे साचतं. तापमानातला फरक इथे पंधरा-वीस अंशांचाच असल्याने थोडासा लेपही जड पडतो. ज्या हीटरमध्ये दीडशे अंशांची वाफ असते तो मळ सोसतो. इकॉनॉमायझर सोसत नाही.

तिसरं कारण हवा. पेंड आत येते आणि बाहेर जाते त्या रोटरी व्हॉल्व्हमधून, झिजलेल्या गास्केटमधून, सैल फ्लँजमधून हवा शिरते. हवा निवत नाही. हेक्झेन निवतं आणि हवा मागे उरते, नळीभोवती तिचं पांघरूण तयार होतं, आणि मागून येणाऱ्या वाफेला नळीपर्यंत पोहोचू देत नाही. इकॉनॉमायझरच्या शेलमधून ही हवा ओढून घेणारी नळी योग्य जागी आणि पुरेशी रुंद असावी लागते. ही हवा शेवटी प्लांटमधून बाहेर पडताना हेक्झेन घेऊन जाते, म्हणजे गळतीचा फटका दोनदा.

चौथं कारण व्हॅक्यूम. आणि तिथून गोष्ट पुन्हा पाण्याकडे वळते.

निरपेक्ष दाब ३०० मिलीमीटरऐवजी ५०० वर चढला, तर हेक्झेन ४२ ऐवजी ५६ अंशांना उकळतं. डीटीची वाफ शेवटी ६२ अंशांच्या आसपास निवते. हेक्झेन आणि पाणी एकत्र असले की दोघं मिळून त्याच तापमानाला उकळतात. म्हणजे फरक वीस अंशांवरून सहावर घसरला. नळ्या त्याच, क्षेत्रफळ तेच, पण उष्णता एक तृतीयांशही जात नाही. आणि व्हॅक्यूम कशामुळे पडतो? कधी व्हॅक्यूम ओढणाऱ्या स्टीम इजेक्टरचं तोंड झिजल्यामुळे, कधी हवेच्या गळतीमुळे, आणि पुष्कळदा कंडेन्सरला गरम पाणी मिळाल्यामुळे. ४२ अंशांना हेक्झेन निववायचं असेल तर पाणी ३० अंशांच्या आसपास आलं पाहिजे. ते ३५ ला आलं, वर कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार साचले, की दाब चढतोच. मग इकॉनॉमायझर मंदावतो, हीटरला वाफ जास्त द्यावी लागते, ती जास्तीची उष्णता कंडेन्सरवर येते, टॉवरवर भार वाढतो, पाणी आणखी गरम होतं. हे चक्र एकदा सुरू झालं की ऑपरेटर वाफेचा व्हॉल्व्ह उघडत जातो आणि कारण मात्र अंगणातल्या टॉवरमध्ये असतं.

खानदेशच्या उन्हाळ्याविषयी इथे एक गैरसमज आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ अंशांच्या पुढे जातं, तेव्हा टॉवर हात टेकणार असं सगळे गृहीत धरतात. पण टॉवरचं पाणी किती थंड होईल हे हवेच्या तापमानावर नव्हे, वेट बल्बवर, म्हणजे तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळल्यावर ती दाखवते त्या तापमानावर ठरतं. मेच्या दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब जेमतेम २३ भरतं. ऑगस्टमध्ये हवा ३० अंशांची, पण आर्द्रता ८० टक्के, तेव्हा तेच २७ होतं. घरातला कूलर मेमध्ये गारवा देतो आणि श्रावणात नुसता चिकचिकाट करतो, त्यामागे हेच कारण. म्हणजे टॉवर नीट राखला तर मेमध्ये २८ अंशांचं पाणी मिळू शकतं, आणि त्याची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. सोयाबीन आणि सरकीचा हंगाम दसऱ्या-दिवाळीपासून सुरू होतो, तेव्हा कोरडी, पुढे थंड होत जाणारी हवा मिळते. कंडेन्सरच्या दृष्टीने खानदेशचं हवामान हंगामात अनुकूल आहे. या हवेची किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते, आणि हंगामाच्या शेवटी, फेब्रुवारीनंतर, ती चढत जाते. बोअरवेलचं पाणी तेव्हा खोल जातं आणि जड होतं. जड पाण्याने कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार बसतात. क्षार बसले की वर सांगितलेलं चक्र.

म्हणून माझं म्हणणं असं, की इथल्या प्लांटमध्ये उष्णता वाचवण्याच्या कोणत्याही योजनेत कूलिंग टॉवर आणि त्याच्या पाण्याची प्रत पहिल्या पानावर असावी. सर्वसाधारण पाठ्यपुस्तकांत ती शेवटच्या प्रकरणात असते, कारण ती पुस्तकं नदीकाठच्या देशांत लिहिली गेली.

उष्णता परत मिळवण्याआधी ती मुळात लागूच नये असं करणं केव्हाही सरस. मिसेलात तेल २५ ऐवजी ३० टक्के असेल, तर १८० किलो तेलामागे उडवायचं हेक्झेन ५४० वरून ४२० किलोवर येतं. आणि डीटीतून आलेल्या उष्णतेने त्यातलं ३५० किलो उडालं, तर पुढच्या टप्प्यापर्यंत तेलाचं प्रमाण ७२ टक्क्यांवर जातं. २५ टक्क्यांपासून सुरुवात केली तर ते पन्नाशीच्या आतच अडतं. पाच टक्क्यांचा हा फरक एक्स्ट्रॅक्टरमध्ये ठरतो: फ्लेक एकसारखे आहेत की त्यात भुगा जास्त आहे, थरातून हेक्झेन समान झिरपतं की एका बाजूने वाट काढतं, पंपाने गरजेपेक्षा जास्त हेक्झेन सोडलंय का. पेंडीत तेल राहू नये या धास्तीने हेक्झेन वाढवण्याची सवय सर्वत्र आहे. ती धास्ती समजण्यासारखी आहे, कारण पेंडीतलं तेल प्रयोगशाळेच्या कागदावर दिसतं आणि जास्तीची वाफ कोणत्याच कागदावर दिसत नाही. फ्लेकिंग रोलर वेळेवर घासून एकसारखे करून घेणं हा मला उष्णता-बचतीचा पहिला खर्च वाटतो. सरकीच्या बाबतीत एक्स्पँडरमधून काढलेल्या सच्छिद्र गोळ्या हेच काम करतात: त्यांतून हेक्झेन लवकर झिरपतं आणि लवकर निथळतं, म्हणून डीटीत जाणारा भारही घटतो.

बाकीच्या जागा लहान आहेत, पण सोडू नयेत. तेलातलं शेवटचं हेक्झेन उघड्या वाफेने काढणाऱ्या स्ट्रिपरमधून १०५ अंशांना निघणारं तेल इकॉनॉमायझरनंतरच्या मिसेलाला तापवू शकतं. त्यातून टनामागे ४,००० किलोकॅलरी मिळतात. डीटीच्या तुलनेत सातवा हिस्सा. पण तेल थंड करायला लागणारं पाणीही वाचतं, आणि एक साधा हीट एक्स्चेंजर एवढंच त्याचं भांडवल. वाफेचं कंडेन्सेट बॉयलरला परत नेणं हा तर हक्काचा पैसा: सात किलो दाबाच्या वाफेतली जवळपास पाव उष्णता निवल्यानंतरच्या पाण्यातच असते, शिवाय ते पाणी शुद्ध. निवलेलं हेक्झेन आणि पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधून निघणारं पाणी गटारात जाण्याआधी उकळीजवळ नेऊन त्यातलं उरलंसुरलं हेक्झेन काढावं लागतं. ते गरम पाणी स्क्रबरला वापरता येतं. शेवटी बाहेर पडणाऱ्या हवेतलं हेक्झेन मिनरल ऑइल शोषून घेतं. ते तेल शंभर अंशांच्या वर तापवून हेक्झेन सोडवतात आणि पुन्हा थंड करतात, तेव्हा गरम आणि थंड तेल एकमेकांसमोरून नेलं तर तापवण्याचा आणि थंड करण्याचा दोन्ही खर्च घटतो. पेंडीच्या ड्रायर-कूलरमधून जाणाऱ्या गरम हवेत उष्णता पुष्कळ आहे, पण ती धुळीने भरलेली आणि कमी तापमानाची. कूलरची ऊबदार हवा ड्रायरला देण्यापलीकडे तिच्यामागे फार धावू नये असं माझं मत आहे.

काही ठिकाणी हात आखडायचा नसतो. स्ट्रिपरची उघडी वाफ वाचवायला जाल तर तेलात हेक्झेन राहील. रिफाइंड तेलात ते दहा लाखांत पाच भागांहून जास्त असू नये असं आपला अन्नसुरक्षेचा कायदा सांगतो. टोस्टरमधला वेळ आणि तापमान कमी कराल तर सोयापेंडीतली पचनाला अडथळा आणणारी द्रव्यं तशीच राहतील आणि कोंबडीखाद्य करणारा माल परत पाठवेल. आणि सर्वांत आधी सुरक्षितता. हेक्झेनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर जात नाही, जमिनीवरून, नाल्यातून, खड्ड्यातून सरकत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. हवेत एक टक्क्याहून थोडी जास्त झाली की पेटू शकते. पेट्रोलियम अधिनियम १९३४ खाली हेक्झेनला सर्वांत ज्वालाग्राही वर्गात धरलं आहे आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. उष्णता वाचवण्यासाठी नवी पाइपलाइन जोडताना हे विसरता येत नाही. हीटरची एखादी नळी फुटली आणि हेक्झेन कंडेन्सेटबरोबर बॉयलर हाउसकडे गेलं तर काय, याचं उत्तर आधी तयार असल्याशिवाय कंडेन्सेट परत नेऊ नये. मध्ये एक मोकळं, बाहेर हवा सोडणारं भांडं आणि त्यावर वास-वाफ ओळखणारा डिटेक्टर, एवढं तरी हवंच. प्लांट बंद करून, हेक्झेन पूर्ण काढून, हवा तपासून मगच वेल्डिंग. यात कुठलीही घाई मान्य नाही.

या विचाराचा इतिहास जुना आहे. एका भांड्याची वाफ दुसऱ्या भांड्याला देऊन रस आटवण्याची युक्ती नॉर्बर्ट रिलिए याने अमेरिकेत लुइझियानाच्या साखर कारखान्यांसाठी १८४०च्या दशकात सिद्ध केली; आपल्या प्रत्येक साखर कारखान्यात आज तीच चालते. कारखान्यातल्या सगळ्या गरम आणि थंड प्रवाहांचा एकत्र ताळा मांडून उष्णतेची कमीत कमी गरज काढण्याची पद्धत, पिंच अॅनालिसिस, १९७०च्या दशकाच्या अखेरीस बोडो लिनहॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधली. वाफ दाबून तिचं तापमान चढवणारे कॉम्प्रेसर आणि हीट पंपही आता दुधाच्या कारखान्यांत आणि आसवन्यांत दिसतात. साखर कारखान्यांना जोडलेल्या इथेनॉलच्या आसवन्यांत एका स्तंभाची वाफ दुसऱ्या, कमी दाबाच्या स्तंभाला देणं सर्रास चालतं. सॉल्व्हंट प्लांटला कॉम्प्रेसर लावण्याबद्दल मात्र मी सावध आहे. हेक्झेनची वाफ दाबणारं यंत्र म्हणजे धूळ, हवा आणि ठिणगी यांची नवी जोखीम, आणि डीटीमुळे इथे उष्णतेचा उतार आधीच फुकट मिळालेला आहे. तो पूर्ण वापरल्याशिवाय नवा उतार विकत घेऊ नये.

हे लिखाण प्लांटमध्ये पाळीवर उभं राहणाऱ्यांसाठी आहे, आणि जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा नागपूरच्या लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत रासायनिक अभियांत्रिकी शिकणाऱ्या, पुस्तकात स्तंभ आणि थाळ्या पाहिलेल्या पण डीटीच्या माथ्यावरची वाफ कधी न अनुभवलेल्या मुलामुलींसाठीही. कारखान्याच्या मालकाने ते वाचावं अशीही इच्छा आहे, पण त्याने निदान हिशेबाचं पान तरी पाहावं.

पुढची प्रकरणं मी यंत्रांच्या क्रमाने लावलेली नाहीत. आधी मोजमाप, मग टॉवर आणि पाणी, मग व्हॅक्यूम, त्यानंतर इकॉनॉमायझर आणि शेवटी लहान बचती, असा क्रम आहे. मोजमाप आधी येण्याचं कारण साधं आहे. पुष्कळ लॉगबुकांत एक्स्ट्रॅक्टरचं तापमान असतं, स्ट्रिपरचं असतं, बॉयलरचा दाब असतो. इकॉनॉमायझरमधून बाहेर पडणाऱ्या मिसेलाचं तापमान आणि त्यातल्या तेलाचं प्रमाण मात्र नसतं. कंडेन्सरला जाणारं आणि येणारं पाणी किती अंशांचं, टॉवरला दिवसात किती पाणी भरलं, हेही नसतं. हंगाम सुरू होण्याआधी, नळ्या स्वच्छ असताना, हे रकाने वहीत आखून घ्यावेत आणि पहिल्या आठवड्याचे आकडे वेगळे जपून ठेवावेत. पौष-माघात जेव्हा जळण जास्त लागतंय अशी कुजबुज सुरू होते, तेव्हा त्या आठवड्याशी ताडून पाहता येतं की आधी व्हॅक्यूम पडला, की आधी पाणी गरम झालं, की आधी मिसेला पातळ झाला.